शिनयाओ: सिंगापूरच्या विद्यार्थ्यांनी रचलेली मँडरिन गाणी आणि त्या चळवळीचं गणित

सिंगापूरमध्ये १९८० च्या दशकात शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनी स्वतः शब्द लिहून, स्वतः चाली लावून मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) गाणी गायला सुरुवात केली. गिटार, दोन-तीन आवाज आणि हाताने उतरवलेली गाण्याची पानं एवढंच भांडवल होतं. या गाण्यांना ‘शिनयाओ’ म्हणतात, म्हणजे सिंगापूरची गाणी. हे नाव १९८२ च्या सुमारास रुळलं. १९९० उलटून काही वर्षं जाईपर्यंत ही चळवळ चळवळ म्हणून संपली होती. तिच्यातून बाहेर पडलेल्या लोकांनी मात्र पुढची वीस वर्षं चिनी पॉप संगीतात मोठं काम केलं.

प्रश्न दोन आहेत. पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीच्या बेटावर ही गोष्ट उभी कशी राहिली, आणि इतकी लोकप्रिय असताना दहा-बारा वर्षांत विरली का? आमच्या मते दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: शाळेच्या वेळापत्रकात आणि सरकारच्या भाषाधोरणात. कलावंतांची प्रतिभा, त्या काळची हवा वगैरे कारणं खोटी नाहीत, पण ती नंतर येतात.

आधीची परिस्थिती

सिंगापूरच्या लोकसंख्येत चिनी वंशाचे लोक सुमारे तीन-चतुर्थांश. पण त्यांच्या घरची भाषा मँडरिन नव्हती. कुणी होक्किएन बोलायचं, कुणी तिओच्यू, कुणी कँटोनीज, हाक्का किंवा हैनानीज. सरकार यांना ‘बोली’ म्हणतं. प्रत्यक्षात कँटोनीज बोलणाऱ्याला होक्किएन कळत नाही, इतक्या त्या एकमेकींपासून लांब आहेत.

सप्टेंबर १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली. रेडिओ-दूरचित्रवाणीवरून बोलींचे कार्यक्रम टप्प्याटप्प्याने काढले गेले. कँटोनीजमध्ये गोष्टी सांगणारे ली दाय सोह घराघरांत ऐकले जायचे. १९८२ मध्ये त्यांचं कथाकथनही थांबलं. दुसरीकडे चिनी माध्यमाच्या शाळा ओस पडत होत्या. पहिलीत चिनी माध्यम घेणाऱ्यांचं प्रमाण १९५९ मध्ये सुमारे ४६ टक्के होतं, ते १९७८ मध्ये ११ टक्क्यांवर आलं. रिक्षावाल्यांपासून रबर-व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या देणग्यांतून १९५० च्या दशकात उभं राहिलेलं नानयांग विद्यापीठ १९८० मध्ये सिंगापूर विद्यापीठात विलीन झालं. १९८७ पासून सर्व शाळांत पहिली भाषा इंग्रजी झाली.

म्हणजे १९८० साली सतरा वर्षांच्या मुलाची अवस्था अशी होती: घरात आजी होक्किएन बोलते, सरकार मँडरिन बोला म्हणतं, नोकरी इंग्रजीवर मिळणार आहे. मँडरिन ही त्याची शाळेतली, मित्रांमधली भाषा. मैत्री, परीक्षा, निरोप, पहिलं प्रेम हे सगळं त्याच्या आयुष्यात मँडरिनमध्ये घडत होतं. त्या भाषेत त्याच्या गावाचं गाणं मात्र एकही नव्हतं. ऐकायला होतं ते तैवान आणि हाँगकाँगचं.

(जाता जाता: सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू घेता येते; मराठी त्या यादीत नाही. तिथल्या बऱ्याच मराठी मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ‘मातृभाषा’ या रकान्यात हिंदी असते. घरची भाषा एक आणि कागदावरची दुसरी, हा पेच त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.)

दोन उगम

पहिला उगम तैवानचा. ६ जून १९७५ रोजी तैपेईच्या चोंगशान सभागृहात यांग श्येन या तरुण गायकाने कवी यू क्वांग-चुंग यांच्या कवितांना चाली लावून गायल्या. पुढच्या वर्षी ३ डिसेंबरला तैवानमधल्याच तामकांग कॉलेजातल्या एका कार्यक्रमात ली श्वांग-त्से हा तरुण गायक कोका-कोलाची बाटली हातात घेऊन मंचावर चढला आणि आपण सगळे इंग्रजी गाणीच का गातो, असं त्याने विचारलं. त्यातून ‘आपली गाणी गाऊ या’ ही हाक निघाली. १९७७ पासून ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी विद्यार्थ्यांसाठी गीतस्पर्धा सुरू केल्या आणि तिथल्या कॅम्पस-गीतांच्या कॅसेट सिंगापूरला पोचू लागल्या. सिंगापूरची मुलं आधी तीच गाणी गात होती.

दुसरा उगम घरचा, आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. नानयांग विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षांत तिथले विद्यार्थी स्थानिक कवींच्या कवितांना चाली लावून सादर करत. याला ‘शृयुए’ म्हणत. शृ म्हणजे कविता, युए म्हणजे संगीत. दू नानफा यांचे शब्द आणि चांग फान यांची चाल असलेलं ‘छ्वान दंग’, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात दिवा देणं, हे त्यातलं सर्वांत टिकलेलं गाणं. विद्यापीठ बंद होण्याच्या सुमारास ते गायलं गेलं, त्यामुळे चिनी शिक्षण घेतलेल्यांच्या पिढीला ते वेगळंच लागतं. शिनयाओने शब्दांबद्दलचा आदर इथून घेतला आणि गिटार तैवानकडून घेतली. ढोबळ असलं तरी हे वर्णन चुकीचं नाही.

मंडळी आणि संस्था

सिंगापूरमध्ये दहावीनंतर दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज असतं. शिनयाओचा कणा हीच कॉलेजं. ह्वा चाँग ज्युनियर कॉलेजातून लियांग वर्न फुक आले. जन्म १९६४, पुढे विद्यापीठात चिनी साहित्याचा अभ्यास, आणि या चळवळीतलं सर्वांत भरीव लेखन त्यांचंच. १९८१ मध्ये उघडलेल्या जुराँग ज्युनियर कॉलेजातून एरिक मू आणि त्यांचा ‘अंडरपास’ गट आला. मू मूळचे मलेशियातले. त्यांनी आणि गटातल्या एका मुलीने गायलेलं ‘शिएहोउ’, म्हणजे अवचित भेट, हे युगुलगीत १९८३ च्या सुमारास रेडिओच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढलं. तैवान-हाँगकाँगच्या तयार मालाशेजारी कॉलेजातल्या पोरांचं गाणं लागलं, हे अनेकांना आधी खरंच वाटेना.

बिली को आणि त्यांचे सोबती याच वर्तुळातले. त्यांनी १९८६ मध्ये ‘ओशन बटरफ्लाइज’ ही संगीतकंपनी सुरू केली. तिच्याबद्दल पुढे.

जागा कुठल्या? कॉलेजचं सभागृह, वस्तीतलं समाजकेंद्र, आणि ब्रास बासा कॉम्प्लेक्स. ही इमारत चिनी पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. मधल्या मोकळ्या चौकात गाणारे उभे राहत आणि वरच्या मजल्यांच्या कठड्यांना टेकून लोक ऐकत. पुस्तक घ्यायला आलेला माणूस आपसूक श्रोता व्हायचा. तिकीट, आरक्षण, जाहिरात, कशाचीच गरज नव्हती. नव्या गटासाठी असा चौक सभागृहापेक्षा नेहमीच बरा. सभागृहात पन्नास माणसं आली तर ते रिकामं दिसतं, चौकात पन्नास माणसांची गर्दी होते.

गाणं बनायचं कसं

या भागावर थोडं थांबायला हवं, कारण चळवळीचा वेग इथेच ठरला.

लेखनाचं साधन होतं ज्येनपू, म्हणजे आकड्यांची स्वरलिपी. १ ते ७ हे सात स्वर आणि ० म्हणजे विराम. आकड्याच्या डोक्यावर टिंब दिलं की तार सप्तक, पायाशी टिंब दिलं की मंद्र. भातखंडे लिपी येणाऱ्याला हे पाच मिनिटांत वाचता येईल. टिंबांची जागासुद्धा तीच. आकड्याखाली एक रेघ ओढली की अर्धी मात्रा, दोन रेघा म्हणजे पाव. आकड्यापुढे आडवी रेघ म्हणजे स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. पानाच्या कोपऱ्यात ‘१ = जी, ४/४’ असं लिहायचं, म्हणजे षड्ज जी पट्टीत धरायचा आणि चार मात्रांचा ठेका. पट्टी बदलायची असेल तर फक्त कोपऱ्यातलं अक्षर बदलतं, खालचे आकडे तसेच राहतात. पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी न शिकलेला मुलगाही यामुळे संगीतकार होऊ शकला. आकड्यांखाली चिनी अक्षरं लिहिली, एका स्वराला एक अक्षर, की गाणं एका पानावर मावतं. ते पान चक्रमुद्रित केलं किंवा झेरॉक्स काढलं की आठवड्याभरात दुसऱ्या कॉलेजात पोचतं.

साथीची गिटारही अशीच बेताची. जी पट्टीत चार स्वरसमूह पुरेसे: जी, ई मायनर, सी, डी. बोटांनी छेडायचा सर्वांत सोपा क्रम तारांच्या आकड्यांनी सांगतात: ५-३-२-३-१-३-२-३, एका आवर्तनात आठ ठोके. सी आणि ए यांना खर्जाची तार पाचवी, जी आणि ई यांना सहावी, डीला चौथी. नवशिक्याची हमखास चूक इथेच होते. तो प्रत्येक वेळी पाचवीच तार छेडतो, त्यामुळे डीच्या वेळी खाली ए वाजतो आणि गाणं पायाखालून सरकल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण गायकाचा षड्ज डळमळतो.

मिश्र गटाची अडचण वेगळी. जी पट्टीत मुलाला सोयीची चाल मुलीला फार खाली जाते. सप्तक वर घेतलं तर तिला किंचाळावं लागतं. यावर तीन उपाय. कॅपो (गिटारच्या सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) दोन-तीन पडदे वर लावून दोघांना थोडी थोडी गैरसोय वाटून द्यायची. नाहीतर कडवं एकाला देऊन ध्रुवपदाआधी पट्टी बदलायची. किंवा मुख्य चाल एकाने धरायची आणि दुसऱ्याने तिच्या तिसऱ्या स्वरावरून समांतर जायचं. शिनयाओला जो ओळखीचा ‘कॉलेजचा’ आवाज आहे, तो मुख्यतः या तिसऱ्या उपायाचा: तिसऱ्या-सहाव्या स्वरांची साधी जोडी, कंप फारसा नाही, नाटकीपणा जवळजवळ शून्य.

मँडरिनचा एक फायदा आणि काही खाचा

मँडरिनमध्ये चार स्वराघात आहेत. एकच अक्षर वर चढवून म्हटलं की एक अर्थ, खाली पाडलं की दुसरा. तरी मँडरिन गाण्यात चाल या आघातांना फारशी जुमानत नाही. श्रोता संदर्भावरून अर्थ लावतो. कँटोनीजमध्ये असं चालत नाही. तिथे चाल आणि आघात जुळले नाहीत तर भलताच शब्द ऐकू येतो. त्यामुळे तिथे शब्द बसवणं हे अनुभवी माणसाचं काम. विद्यार्थ्यांची गाणी मँडरिनमध्ये फुलली त्यामागे धोरण होतंच, पण ही तांत्रिक सवलतही होती. आधी चाल गुणगुणायची आणि मग शब्द भरायचे, हे सतरा वर्षांच्या मुलाला मँडरिनमध्ये जमू शकतं.

सवलत असली तरी खाचा आहेत. आधुनिक मँडरिनमध्ये बहुतेक शब्द दोन अक्षरांचे. पहिलं अक्षर ओळीच्या शेवटी आणि दुसरं विरामानंतर आलं की शब्द तुटतो आणि अर्थ हरवतो. आधी चाल करणाऱ्यांच्या हातून हे वारंवार होतं. उपाय साधा आहे: चाल न गाता, फक्त ठेक्यात शब्द बोलून बघायचे. जिथे बोलणं अडखळतं तिथे गाणंही अडखळणार.

दुसरी खाच ओळीच्या शेवटच्या अक्षराची. लांब स्वर धरायचा तर ‘आ’, ‘आंग’, ‘ओउ’ अशी तोंड उघडणारी अक्षरं हवीत. ‘शृ’, ‘त्सृ’ अशा अक्षरांतला स्वर जिभेच्या टोकाशीच दाबलेला असतो. तो चार मात्रा ओढला की नुसता फुसफुसाट उरतो. त्यात सिंगापूरच्या दक्षिणी बोलींची सवय. अनेकांच्या तोंडी ‘श’ आणि ‘स’ एकच होतात, ‘न’ आणि ‘ंग’ यांची सरमिसळ होते. तैवानचे गायकही याबाबत फार शुद्ध नव्हते, म्हणून हे खपून गेलं. पण शाळेतले चिनी भाषेचे शिक्षक यावरून कान उपटत असणार, यात शंका नाही.

विषयांबद्दल एक गैरसमज असतो की ही गाणी नुसती गोडगोड आहेत. मैत्री, निरोप, परीक्षा भरपूर आहेत हे खरं. लियांग यांचं ‘शी श्वेइ छांग ल्यू’ मैत्रीबद्दलच आहे आणि शाळांच्या निरोप समारंभात अजून म्हटलं जातं. मात्र त्यांच्याच इतिहासाच्या पेपराआधीच्या रात्रीवरच्या गाण्यात, आणि पुढे १९९० च्या ‘शिन्ज्यापो फाय’मध्ये, एका पिढीने आपल्या देशाच्या वाढीचा हिशोब मांडलेला दिसतो. उघड निषेध मात्र नाही. चिनी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात रस्त्यावर उतरून आंदोलनं केली होती आणि ती मोडून काढली गेली होती. १९७० च्या दशकात लांब केसांच्या पुरुषांना सरकारी कचेरीत सर्वांत शेवटी बोलावलं जाई, तशा पाट्याच लावलेल्या असत. अशा देशात चिनीतून गाणाऱ्या विद्यार्थ्यांनी गणवेशात, गिटार घेऊन, मैत्रीबद्दल गाणं हा सोपाच नव्हे तर टिकाऊ मार्गही होता. समाजकेंद्रांचे दरवाजे त्यामुळेच उघडे राहिले. तैवानच्या ली श्वांग-त्सेची धार इथे शोधणाऱ्याची निराशा होईल, आणि ती अपेक्षा आम्हाला थोडी अन्यायाची वाटते.

कॅसेट निघाली आणि प्रश्न बदलले

‘मिंगथ्येन २१’ हा विद्यार्थ्यांच्या गाण्यांचा पहिल्या संग्रहांपैकी एक. त्यानंतर कंपन्यांचं लक्ष वेधलं गेलं. कॅसेटचं गणित पक्कं असतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. चार मिनिटांची गाणी धरली आणि थोडी जागा सोडली तर दोन्ही बाजूंना मिळून बारा-चौदा गाणी. एका गटाकडे दहा चांगली गाणी क्वचितच असत. म्हणून सुरुवातीचे संग्रह अनेक गटांचे मिळून निघाले, आणि ते चांगलंच झालं. एकट्याच्या कॅसेटची पद्धत आली तेव्हा भरतीची गाणी दिसू लागली.

ध्वनिमुद्रणात मंचावरची माया चालत नाही. सहा जण एका ध्वनिग्राहकाभोवती उभे राहून गातात तेव्हा सभागृहात आवाज भरून येतो. फितीवर मात्र सहा जणांच्या ‘स’ आणि ‘श’ थोड्या थोड्या अंतराने पडतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी फवारा उडाल्यासारखं ऐकू येतं. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने फिरणारी कॅसेटची फीत वरच्या कंप्रता नीट धरत नाही आणि स्वतःची सरसर त्यात मिसळते. मँडरिनमध्ये ऊष्म वर्ण खूप, म्हणजे दुखणं दुप्पट. इलाज असा: ओळीचं शेवटचं व्यंजन एकानेच म्हणायचं, बाकीच्यांनी फक्त स्वर धरायचा. चार ट्रॅकच्या यंत्रावर काम असेल तर आधीचे ट्रॅक एकत्र करून जागा मोकळी करावी लागते. दरवेळी एक पिढी उतरते आणि सरसर वाढते. त्यामुळे गिटार आणि मुख्य आवाज शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे, आणि साथीचे आवाज आधी एकत्र करायचे.

पैशाची बाजू दुबळी होती. १९८७ चा स्वामित्वहक्क कायदा येईपर्यंत सिंगापूर नकली कॅसेटसाठी बदनाम होतं आणि गीतकाराला रॉयल्टी मिळवून देणारी व्यवस्था जवळजवळ नव्हती. त्याच वर्षी गीतकार-संगीतकारांची कॉम्पास ही संस्था उभी राहिली. तोवर चळवळीचा भराचा काळ निम्मा सरला होता.

मोडलं कुठे

पहिलं कारण कॅलेंडरचं. ज्युनियर कॉलेज दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी गट जमतो, दुसऱ्या वर्षी मोठी परीक्षा, की संपलं. त्यानंतर मुलगे अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेत जात. तेव्हा ती दोन ते अडीच वर्षांची होती. मुली थेट विद्यापीठात. मिश्र गट नेमका इथे दुभंगतो: दोन आवाज छावणीत, दोन वर्गात, आणि ते परत भेटतात तेव्हा सगळे नोकरीच्या शोधात असतात. शाळेने दर दोन वर्षांनी नवी माणसं दिली म्हणून चळवळ वाढली. त्याच शाळेने दर दोन वर्षांनी ती काढूनही घेतली. नवी माणसं येत होती तोवर हे खपलं.

नवी माणसं कमी झाली ती दुसऱ्या कारणाने. चिनी माध्यमात किंवा निदान चिनी वातावरणात शिकलेली शेवटची पिढी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॉलेजातून बाहेर पडली. त्यानंतरच्या मुलांना मँडरिन बोलता येत होती. चिनी वंशाच्या घरांत मँडरिन बोलण्याचं प्रमाण तर १९९० मध्ये ३० टक्के होतं ते २००० मध्ये ४५ टक्के झालं. मोहीम यशस्वी झाली. पण बोलणं वेगळं आणि त्या भाषेत कविता वाचत मोठं होणं वेगळं. ऐकणारे वाढत होते आणि लिहिणारे आटत होते. २०१० मध्ये मँडरिनचा आकडा ४८ च्या आसपास थबकला, तर इंग्रजी १९९० च्या १९ वरून ३३ वर गेली. बोली ५० वरून १९ वर घसरल्या.

तिसरं कारण बाजाराचं. मोठ्या कंपन्यांना गट नको होते, चेहरा हवा होता. गटातला एक आवाज उचलायचा, सिंथेसायझरवर साथ बांधायची, तैवानमध्ये नशीब काढायचं. एरिक मू यांचं ‘थाय शा’ १९९४ मध्ये चिनी भाषकांच्या जगात गाजलं. व्यक्तिशः हे मोठंच यश. पण त्यात जुराँगच्या वर्गातलं काही उरलं नव्हतं, आणि उरायला हवं अशी अपेक्षा तरी कोणी का करावी.

चिमणीचं प्रकरण

भाषाधोरणाची दुसरी बाजू एका गाण्यात सापडते. लियांग यांच्या १९९० च्या ‘काडी घेऊन निघालेली चिमणी’ या गाण्यात काही शब्द कँटोनीज होते. बाकी गाणं मँडरिन. प्रसारणाच्या नियमात बोली चालत नव्हती, म्हणून गाण्याच्या प्रसारणावर बंदी आली. ती उठली २०१३ मध्ये. दरम्यान २०१० साली लियांग यांना सिंगापूरचा सर्वोच्च कलासन्मान, कल्चरल मेडॅलियन, मिळाला होता. देशाने गीतकाराला गौरवलं तेव्हा त्याचं एक गाणं अजून रेडिओवर वाजू शकत नव्हतं.

या बंदीला दुष्टपणा म्हणून मोकळं होता येत नाही; नियम सगळ्यांना सारखा होता. नुकसान नेमकं काय झालं ते पाहायला हवं. शिनयाओ मँडरिनमध्ये होती कारण मुलं शाळेत त्या भाषेत जगत होती. त्यांना आजीबद्दल, गल्लीबद्दल, भाजीबाजाराबद्दल लिहायचं झालं की पात्रांच्या तोंडी मँडरिन घालावी लागे. आजी तसं बोलत नव्हती. मोठी होत चाललेली चळवळ वर्गाबाहेर पडून घरात शिरू पाहत होती, आणि नेमका तोच दरवाजा बंद होता. विषय कॉलेजातच घुटमळले याचं हे एक कारण आहे, आणि टीकाकार ते सहसा विचारात घेत नाहीत.

काय उरलं

‘ओशन बटरफ्लाइज’ने पुढे किट चॅन, आ-दू (पहिला अल्बम २००२) आणि जेजे लिन (२००३) या गायकांना घडवलं. ली वेइ साँग आणि ली सृ साँग हे जुळे भाऊ शिनयाओच्या शेवटच्या लाटेतले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली गायिका स्टेफनी सुन २००० मध्ये आली. छेन ज्यामिंग गीतकार-निर्माते म्हणून स्थिरावले. शिनयाओतून आलेल्या या घडवणाऱ्यांत समान धागा हा की त्यांनी गाण्यापेक्षा पडद्यामागचं काम निवडलं: चाल, शब्द, ध्वनिमुद्रण, प्रशिक्षण. छोट्या बाजारात गायक विकून घर चालत नाही. मोठ्या बाजाराला गाणी आणि गायक पुरवून चालतं.

मूळ गाणी परतली ती २००० नंतरच्या पुनर्मीलनाच्या मैफलींतून. जुलै २०१४ मध्ये ब्रास बासाच्या त्याच चौकात गाणारे पुन्हा जमले, कठडे माणसांनी भरले, आणि त्या कार्यक्रमाभोवती इव्हा टँग यांनी माहितीपट केला. शाळांमध्ये शिनयाओ स्पर्धाही होऊ लागल्या. स्पर्धांतल्या मुलांची तयारी उत्तम असते. स्वर नेटके, साथ आम्ही वर वर्णन केलेल्या मूळ मंडळींपेक्षा कितीतरी सफाईदार. अडतं ते नव्या शब्दांशी. चाल संगणकावर तासाभरात उभी राहते, पण दोन अक्षरी शब्द कुठे तुटला हे ऐकू येण्यासाठी ती भाषा कानात असावी लागते.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवावा. आधी ‘छ्वान दंग’. मग ‘शिएहोउ’, त्यात दोन आवाजांतलं तिसऱ्या स्वराचं अंतर लक्ष देऊन ऐकावं. मग लियांग यांची मैत्रीची आणि परीक्षेची गाणी एका बैठकीत, आणि त्यानंतर चिमणी. शेवटी स्टेफनी सुनचं २००० सालचं ‘थ्येन हेइ हेइ’: ली सृ साँग यांची चाल, पियानोवर उभं केलेलं मँडरिन पॉप, आणि मध्ये सरळ होक्किएन बालगीताची ओळ.